शेपटाकडून बघणारा माणूस

दवाखान्याच्या तळमजल्यावर एक्स-रेची खोली आणि धुलाईखोली यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत रक्त तपासायची लॅब आहे. तिथल्या एकुलत्या एक खिडकीपाशी एका स्टुलावर एकतीस वर्षं बसलेल्या माणसाला सगळे काका म्हणतात. ते खोलीत नसले की शेपूटकाका म्हणतात. काकांना हे ठाऊक आहे. त्यांना शेपूट शब्दाबद्दल तक्रार नाही. आपल्यामागे काय बोलतात ते दारातून आत येण्याआधीच ऐकू येतं, एवढी लॅब लहान आहे, याबद्दल आहे.

नावामागे त्यांची कामाची पद्धत आहे. काचेच्या पट्टीच्या एका टोकाला रक्ताचा बारीक थेंब ठेवायचा, दुसरी पट्टी तिरकी धरून तो एका दमात ओढायचा आणि वाळल्यावर रंगात बुडवायचा. कुणीतरी जीभ काढून दाखवावी तसा आकार होतो. सुरुवातीला जाड, मधे नितळ, शेवटाला विरत गेलेला. सगळं जग मधला भाग बघतं, पुस्तकंही तोच बघायला सांगतात. काका आधी शेवट बघतात. "मधे सगळ्या पेशी ग्रुप फोटोला उभ्या राहिल्यासारख्या असतात," ते प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. "जे बेढब, अवजड, एकमेकांना चिकटलेलं असतं ते ओढताना घरंगळत शेपटाला जातं. आधी शेपूट, मग फोटो."

नवा माणूस मान डोलावतो आणि मधून बघायला लागतो.

मोजण्याने काकांची बोटं कायमची बिघडली आहेत. पूर्वी पांढऱ्या पेशींचे पाच प्रकार मोजायला पाच बटणांचं एक यंत्र होतं. डोळा भिंगाला आणि बोटं बटणांवर. ते यंत्र कधीच मोडीत गेलं, पण बोटं सेवेत आहेत. बँकेच्या रांगेत, बसथांब्यावर, जेवणाच्या टेबलावर ती चालू होतात. उंच माणूस पहिलं बोट, टक्कल दुसरं, चष्मा तिसरं. एकदा घरी पाहुणे बसलेले असताना बायकोने त्यांच्या मनगटावर हात ठेवून हळूच सांगितलं, "अहो, माझ्या मावशीकडची माणसं आहेत ती. पेशी नाहीत."

सहा वर्षांपूर्वी लॅबमध्ये कपाटाएवढं यंत्र आलं. नळी लावली की मिनिटभरात सगळ्या पेशी मोजून कागद बाहेर. यंत्राला एखाद्या आकड्याची शंका आली तर ते शेजारी चांदणी छापतं. सुरुवातीला चांदणी दिसली की सगळे धावायचे. पण यंत्र भलतंच संशयी निघालं. दिवसाला चाळीसेक चांदण्या पडू लागल्या. रोज आरडाओरडा करणाऱ्या माणसाचं जे होतं तेच चांदणीचं झालं. कागदावर ती असते, आणि कुणी तिला बघत नाही.

यंत्राच्या वरच्या भिंतीवर एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला आहे. काकांच्या अक्षरात एकच ओळ: ‘आपल्या माणसाचं रक्त आपण तपासायचं नाही.’ लोकांना तो शिष्टाचार वाटतो. सर्जन आपल्या घरच्यांचं ऑपरेशन करत नाहीत, त्यातलाच प्रकार. कागदाचं कारण कुणी विचारलं नाही आणि काकांनी ते सांगितलं नाही.

कारण सत्तावीस वर्षांपूर्वीचं होतं. काकांच्या वडिलांच्या छातीत दुखलं म्हणून त्यांना इथेच आणलं. हृदयाचा आलेख धड ना इकडचा ना तिकडचा. डॉक्टर म्हणाले, पांढऱ्या पेशी मोजा. हृदयाचा स्नायू मेला की या पेशी तिकडे धावतात, मेलेलं उचलायला, म्हणून रक्तात त्यांची गर्दी वाढते. तेवढाच एक पुरावा हाताशी होता. मोजायला दुसरं कुणी हजर नव्हतं. चौकोन आखलेल्या काचेवर चार चौकोनांतल्या पेशी मोजायच्या आणि पन्नासने गुणायचं. काकांनी मोजल्या. सोळा हजार. त्यांना वाटलं, काहीतरी चुकलं. द्रव पुन्हा मिसळला, पुन्हा मोजल्या. तेरा हजार. रेषेवर बसलेल्या पेशींपैकी दोन बाजूंच्या घ्यायच्या आणि दोन बाजूंच्या सोडायच्या असा दंडक आहे. तिसऱ्या वेळी त्यांनी चारही बाजूंच्या सोडल्या, आणि काही पेशी त्यांना धूळ वाटली. नऊ हजार. अगदी निरोगी माणसाच्या असतात तेवढ्या. नऊ लिहिलं. वडिलांना ॲसिडिटीचं औषध देऊन घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

काकांनी खोटं लिहिलं नव्हतं. त्यांनी मोजलंच तसं होतं, आणि हेच त्यांना कुणाला समजावून सांगता आलं नसतं. डॉक्टर नंतर म्हणाले, फारसा फरक पडला नसता. असं म्हणणं डॉक्टरांच्या कामाचाच भाग असतो. पुढच्या सोमवारी भिंतीवर कागद आला.

आता मेव्हण्याचं.

काकांचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, बुकबाइंडर आहे. घरात त्याला पन्नाशी उलटली तरी धाकटाच म्हणतात. गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान. खळीचं पातेलं, दाबयंत्र, पुठ्ठ्यांची चळत, आणि सगळीकडे कागदाच्या कातरणांचा भुसा. त्याचं आणि काकांचं बोलणं म्हणजे तीस वर्षं चाललेलं एकच भांडण. "भाऊजी, तुम्ही लोकांचं रक्त वाचता आणि सोडून देता," तो म्हणायचा. "मी न वाचता बांधून तरी देतो."

"म्हणूनच मागच्या वेळी त्या वकिलांच्या पुस्तकात पानं उलटी लागली."

"तक्रार आली का? नाही. कुणी वाचलंच नाही. मी ओळखतो माझी गिऱ्हाइकं."

त्या मंगळवारी सकाळी सव्वादहाला धाकटा पुठ्ठा कापत होता. छातीवर कुणीतरी दाबयंत्राचं चाक फिरवावं तसा भार आला, सुरी सटकली आणि डाव्या अंगठ्यात खोल गेली. त्याने आधी अंगठ्याला पुस्तकाच्या पाठीला लावतात त्या कापडाची पट्टी गुंडाळली, मग बहिणीला फोन केला. अंगठ्याबद्दल पाच वाक्यं बोलला आणि छातीबद्दल अर्धं. बहिणीने त्या अर्ध्या वाक्यावर रिक्षा केली.

दवाखान्यात आलेख काढला. या वेळी आलेखाला काही शंका नव्हती. हृदयाची एक शीर बंद पडत आली होती. हृदयाच्या डॉक्टरीणबाई, चाळिशीच्या, बोलायला मोजक्या. त्यांनी एक गोळी चावायला दिली आणि सांगितलं, "मनगटातून नळी घालून शीर उघडायची. त्याआधी रक्त गोठू नये म्हणून जोरदार औषध द्यावं लागतं. रक्ताचा रिपोर्ट आला की लगेच."

रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत खाली गेलं. नळीवरचं नाव काकांनी वाचलं, ती शेजारच्या टेबलावर ठेवली, एप्रन खुंटीला लावला आणि ते लॅबच्या बाहेर पडले. नियम त्यांचाच होता. एकतीस वर्षांत पहिल्यांदा ते वरच्या मजल्यावर नातेवाइकांच्या बाकावर बसले आणि तो बाक किती वाईट आहे हे त्यांना कळलं.

शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मुलीला लॅबमध्ये झटपट म्हणतात. नावाप्रमाणे हात चालतो, पण डोकं हाताच्या मागे राहत नाही. तिने नळी यंत्रात लावली. प्लेटलेट एकोणीस हजार. दीड ते चार लाख असायला हव्यात तिथे एकोणीस हजार. शेजारी चांदणी. झटपटने चांदणीकडे दुर्लक्ष केलं नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. तिने काचेवर थेंब ओढला, रंगवला, आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मधल्या भागात बघितलं. खरंच, प्लेटलेट इथे एक, तिथे एक. तिने वर कळवलं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रक्त पाठवलं. ते यंत्रापुढच्या रांगेत अर्धा तास उभं राहिलं. चौदा हजार.

"दोनदा तेच आलं," डॉक्टरीणबाई बाकापाशी येऊन म्हणाल्या. काकांची बायको उठून उभी राहिली. "या रक्तात गोठण्याची ताकदच नाहीये. त्यात मी ते औषध दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. नाही दिलं तर नळी घालता येत नाही. प्लेटलेटच्या पिशव्या मागवल्यात. दोन तास लागतील."

"आणि दोन तासांत?" बायकोने विचारलं.

"स्नायू मरत राहील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं बोलणं कधी कधी फार आखूड असतं.

नर्सने त्यांना दोन मिनिटं आत सोडलं. धाकटा कागदासारखा पांढरा पडला होता, पण तोंड चालू होतं. "ताई, दुकानाचं दार ओढून घेतलंस ना? भाऊजी, तुमच्या खात्याने माझं काय केलंय? सगळे माझ्याकडे फुटक्या बरणीसारखं बघतायत."

"गप्प पड," बहीण म्हणाली. बोटाला चिमटा लावायला नर्सला डावा हात मोकळा हवा होता. बहिणीने त्या कापडी पट्टीचे वेढे सोडवले. शेवटचा वेढा सुटला आणि काकांनी अंगठा बघितला.

जखम खोल होती. तिचे दोन्ही काठ मिटलेले होते, मधे गडद लाल रेघ, आणि ती कोरडी.

"किती वेळ वाहिलं?" काकांनी विचारलं.

"काय माहीत. पाच मिनिटं? एका शाळेचं हजेरीपुस्तक खराब झालं. पहिली ते चौथी सगळे गैरहजर."

चौदा हजार प्लेटलेट असलेल्या माणसाचा एवढा कापलेला अंगठा पाच मिनिटांत मिटत नाही. पट्टी भिजून चिंब व्हायला हवी होती. अंगावर कुठे ना कुठे काळेनिळे डाग हवे होते. काकांनी मेव्हण्याचे दंड बघितले, पोटऱ्या बघितल्या. स्वच्छ. अंगठा एक सांगत होता आणि यंत्र दुसरंच.

आणि तिथेच काकांनी मेव्हण्यावरून नजर काढून घेतली. गेल्या वेळीही त्यांना आकडा चुकलेला हवा होता. तेव्हाही पुरावे सापडले होतेच; धूळ होती, रेषा होत्या. माणसाला हवं असलं की पुरावा मिळतो. हा अंगठा आहे की रेषेवरची पेशी आहे?

"अहो, काय झालं?" बायको म्हणाली. "बोला तरी."

"आलो," काका म्हणाले आणि जिन्याने खाली गेले. लिफ्ट उघडीच होती, पण ती त्यांना दिसली नाही.

झटपटने त्यांना दारात बघून हात पुढे केले. "काका, दोनदा लावलं मी. स्लाइडही बघितली."

"ती पट्टी पुन्हा भिंगाखाली लाव."

"तुम्ही बघताय?"

"नाही. तू." काका आत आले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. समोर त्यांचंच अक्षर होतं. "शेपटाला जा."

"काय शोधू?"

"ते मी सांगणार नाही."

"मग मला कळणार कसं?"

"दिसेल ते सांग. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. काहीच नसेल तर काहीच नाही म्हण."

मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. चाक फिरवल्याची करकर आली. काकांची बोटं पँटच्या शिवणीवर चालू झाली, मोजायला काही नव्हतं तरी. धुलाईखोलीतलं यंत्र भिंतीपलीकडे गडगडत होतं.

"काका."

"बोल."

"गोळे आहेत." आणि मग तिचा आवाज चढला. "द्राक्षांचे घड असतात तसे. काठाकाठाने, सगळीकडे. अहो, मधे एक नव्हती! सगळ्या इथे येऊन बसल्यात!"

"कशाचे गोळे? नीट बघ. रंगाचा गाळ असेल."

"गाळ नाहीये. प्लेटलेट आहेत. वेगवेगळ्या मोजता येतायत. या एकात तीस… चाळीस. हा तर शंभराचा असेल. तुम्ही बघा ना!"

"मी बघणार नाही."

"आता तरी, काका!"

"आता तर नाहीच. निळ्या टोपणाची नळी घे, वर जा, स्वतः रक्त काढ आणि पळत ये. वाटेत कुणाशी बोलू नकोस. आल्याबरोबर लाव."

जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून एक क्षार असतो. हजारात एखाद्या माणसाचं रक्त असं असतं की त्या क्षाराने प्लेटलेट उलट एकमेकींना मिठ्या मारतात. जितका वेळ नळीत राहाव्यात तितक्या घट्ट. यंत्र शंभराच्या घोळक्याला प्लेटलेट समजतच नाही, एकट्यादुकट्या उरलेल्या मोजतं आणि चांदणी छापतं. बापडं खरं तेच सांगत होतं. निळ्या टोपणाच्या नळीत वेगळा क्षार असतो. हे सगळं झटपटला परीक्षेपुरतं माहीत होतं. पाच गुणांना येतं ते.

तिने आधी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "मॅडम, दहा मिनिटं द्या. प्लेटलेट चिकटल्यात, नळीत. मी नवं रक्त घेते."

"काकांनी बघितली का स्लाइड?" पलीकडून आवाज आला.

"नाही, मॅडम. काका भिंतीकडे तोंड करून उभे आहेत."

"काय करून?"

"त्यांच्या मेव्हण्याचं रक्त आहे ना."

"या लवकर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

निळ्या नळीतून आकडा आला एक लाख ब्याण्णव हजार. त्या नळीत द्रव थोडा जास्त असतो म्हणून दहावा हिस्सा मिळवायचा असतो. दोन लाख अकरा हजार. झटपटने तो मोठ्याने वाचला, काचेची नवी पट्टी ओढून शेपूटही बघितलं, आणि सही केली. काका तिथेच होते. त्यांनी फक्त एवढं विचारलं, "रेषेवरच्या धरल्यास ना?" यंत्राला रेषा नसतात. झटपटला प्रश्न कळला नाही, आणि तिने उत्तरासाठी वेळ घालवला नाही.

औषध गेलं. पंचवीस मिनिटांत मनगटातून नळी गेली आणि शीर उघडली. तिच्यातून निघालेली गुठळी डॉक्टरीणबाईंनी बशीत दाखवली. तांदळाच्या दोन दाण्यांएवढी. तीही त्याच प्लेटलेटची. शिरेच्या आतल्या भिंतीला चीर पडली होती, आणि कापलेल्या अंगठ्यावर धावल्या तशाच त्या तिथे धावल्या होत्या. अंगठा वाचवला आणि माणूस घालवायला निघाल्या. जखम कुठली बुजवायची आणि कुठली नाही हे त्यांना कळत नाही. नळीत टाकल्या तर नळीतही हेच करतात. तीन ठिकाणी एकच काम मनापासून केलेलं, आणि त्यातलं एकच कामाचं. काकांना अशी माणसं माहीत होती. त्यातलं एक रोज सकाळी दाढी करताना आरशात दिसायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटा उशीला टेकून बसला होता. "भाऊजी, ऐकलं ते खरं का? तीस वर्षांचा मेव्हणा, आणि तुम्ही माझ्या रक्ताकडे पाठ फिरवलीत?"

"फिरवली."

"ताई, बघ. लिहून ठेव."

"तू जिवंत राहिलास म्हणून बोलतोयस," बहीण म्हणाली.

"तेच ना. मेलेला असतो तर इतक्या मोठ्या मनाने गप्प बसलो असतो." मग त्याने उजव्या हाताने काकांची बाही धरून ठेवली. बराच वेळ धरली. बाहीला खळीचा वास लागल्यासारखं काकांना वाटलं.

ते खाली आले तेव्हा झटपट धाकट्याचं त्या दिवशीचं रक्त लावून बसली होती. कागद बाहेर आला. "पांढऱ्या वाढल्या," ती म्हणाली. "काल साडेनऊ होत्या. आज सोळा हजार."

काका स्टुलापर्यंत आलेले, तिथेच थांबले.

"सोळा?"

"सोळा हजार दोनशे. का, जास्त आहेत?"

"नाही. बरोबर आहेत." त्यांनी एप्रनची बटणं लावली, एक चुकवलं, पुन्हा लावली. "दुसऱ्या दिवशी इतक्या असायच्याच. मेलेला स्नायू उचलायला येतात. येतात आणि घाईत शेजारचा चांगलाही थोडा उकरतात. मग दुसऱ्या येतात, सावकाश काम करणाऱ्या, त्या डागडुजी करतात. पण या आल्याशिवाय त्या येत नाहीत."

"काका, तुम्ही असं का विचारलंत?"

यंत्र पुढच्या नळीसाठी गुणगुणत होतं. वर पिवळा कागद होता.

"माझ्या वडिलांच्याही सोळाच होत्या," काका म्हणाले. "मी नऊ लिहिल्या."

आणि त्यांनी सांगितलं. काचेवरचे चौकोन, रेषा, धूळ, तीन वेळा केलेली मोजणी, सोमवार. सांगायला चार मिनिटंही लागली नाहीत. सत्तावीस वर्षं ती गोष्ट बरीच मोठी असल्यासारखी वाटत आली होती.

डॉक्टर बोलले होते तसं ‘फरक पडला नसता’ हे झटपट बोलली नाही, याची काकांनी नोंद घेतली. तिने कागदावर सोळा हजार दोनशे या आकड्याशेजारी सही केली, तारीख टाकली, वर पाठवायच्या खोक्यात तो ठेवला. मग धाकट्याची आजची काचेची पट्टी उचलली आणि काकांच्या भिंगाखाली लावली.

"आता बघा," ती म्हणाली.

"नियम आहे."

"नियम मोजण्याचा आहे. मोजून झालं, लिहून झालं, सही माझी आहे. आता तुम्ही कितीही बघितलंत तरी आकडा हलणार नाही."

काकांनी कागदाकडे बघितलं, मग खोक्याकडे. मग ते स्टुलावर बसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळा भिंगाला लावला. सवयीने त्यांनी पट्टी आधी शेपटाकडे नेली, आणि तिथून हळूहळू मधे आले. फिकट गुलाबी गर्दीत रंगाने जांभळ्या झालेल्या पांढऱ्या पेशी जागोजाग उभ्या होत्या, घाईने निघालेल्या, पुष्कळ.

उजव्या हाताची बोटं टेबलावर होती. झटपट बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. ती हलली नाहीत.